'इंटेलिजन्स' हा शब्द रोजच्या इंग्रजी वाक्यात नेमका बसवायचा कसा?

कोरीपाटी

मंडळी, एका शब्दाने मला आठवडाभर छळलं आहे, म्हणून हा धागा.

माझ्या हाताखाली दोन वर्षं काम केलेल्या एका मुलीला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र हवं आहे. मुलगी खरोखर गुणी आहे आणि पत्र मनापासून लिहायचं आहे. मी पहिलंच वाक्य लिहिलं, 'शी हॅज अ गुड इंटेलिजन्स.' आमच्या वरिष्ठांना दाखवलं. त्यांनी पेन्सिलीने त्या 'अ'भोवती बारीकसं वर्तुळ काढलं, समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि कागद परत दिला. मी ते बदलून 'शी इज व्हेरी क्लेव्हर' केलं. त्यावर ते म्हणाले, "हे तर नकोच." का नको, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. कामात इंग्रजी रोज लागतं आणि अडत नाही. पण माणसाच्या बुद्धीबद्दल बोलायची वेळ आली की अडतं. मराठीत माझ्याकडे हुशार आहे, तल्लख आहे, चाणाक्ष, चुणचुणीत, समंजस, धोरणी आहे. प्रत्येक शब्द वेगळ्या माणसासाठी. इंग्रजीत गेलं की या सगळ्यांचं एकच होतं, 'इंटेलिजंट'. मला व्याकरणाची व्याख्या नको आहे, ती पुस्तकात मिळते. माणसं खरोखर बोलतात ती वाक्यं हवी आहेत.

शब्दओळख

आधी त्या पेन्सिलीच्या वर्तुळाबद्दल. 'इंटेलिजन्स' हे मोजता न येणारं नाम आहे. आपण मराठीत 'एक धीर', 'दोन बुद्ध्या' म्हणत नाही, तसंच. त्यामुळे नुसतं 'अ गुड इंटेलिजन्स' कानाला खटकतं. मात्र नियम इथे संपत नाही. सोबत नेमकं, वजनदार विशेषण आलं तर 'अ' चालतो. 'अ कीन इंटेलिजन्स', 'अ रेअर इंटेलिजन्स' असं चांगल्या लेखनात सर्रास येतं. तिथे लेखक बुद्धीची एक विशिष्ट जात दाखवत असतो. 'गुड' या शब्दात तेवढा जीव नाही, म्हणून तुमचं वाक्य पडलं.

आता खरी गोष्ट. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस 'हॅज इंटेलिजन्स' असं फारसं म्हणतच नाही. तो विशेषणावर येतो, 'शी इज इंटेलिजंट', 'शी इज ब्राइट', 'शी इज शार्प'. किंवा मोजता येणारं नाम घेतो, 'शी हॅज अ गुड माइंड', 'शी हॅज अ क्विक माइंड'. 'माइंड'ला 'अ' बिनधास्त लागतो. तुमच्या पहिल्या वाक्यात फक्त हा एक शब्द बदलला असता तर पेन्सिल उठली नसती.

तिसरीघंटा

क्लेव्हरबद्दल मी सांगतो, कारण बरीच वर्षं अशी पत्रं वाचण्याचं काम केलं आहे.

'क्लेव्हर' वाईट नाही. 'दॅट्स अ क्लेव्हर आयडिया' ही निखळ शाबासकी आहे. लहान मुलाला 'क्लेव्हर गर्ल' म्हणतात तेही प्रेमाने. पण मोठ्या माणसाच्या शिफारसपत्रात, विशेषतः ब्रिटिश वळणाचं इंग्रजी वाचणाऱ्याला, त्यात 'चलाख' ऐकू येऊ शकतं. बुद्धी आहे, पण खोली किंवा भरवसा यांची हमी नाही. 'टू क्लेव्हर बाय हाफ' हा वाक्प्रचार ऐकला असेल. आपल्याकडे 'शहाणा' शब्दाचं हेच झालं आहे. 'मुलगा शहाणा आहे' हे कौतुक. 'फार शहाणा आहेस' हे कौतुक नाही, आणि अतिशहाण्याचा बैल तर रिकामाच राहतो. दोन्ही भाषांना जास्तीच्या बुद्धीचा संशय येतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

'स्मार्ट' घ्यायचा असेल तर वाचणारा कोण आहे ते बघा. अमेरिकेत 'शी इज स्मार्ट' म्हणजे सरळ 'हुशार आहे'. ब्रिटनमध्ये 'यू लुक स्मार्ट' म्हणजे कपडे नीटनेटके, माणूस टापटीप. या शब्दाचा मूळ अर्थ तर झोंबणं असा आहे. धुराने डोळे चुरचुरले की अजूनही 'माय आइज आर स्मार्टिंग' म्हणतात. झोंबरं, मग तिखट, मग तरतरीत आणि शेवटी हुशार, असा त्याचा प्रवास. आपणही 'तिखट मुलगी' म्हणतो तेव्हा हीच वाट धरतो.

पाऊलखूण

धाग्याशी थेट संबंध आहे की नाही माहीत नाही, पण माझी एक चूक सांगते. निदान दुसऱ्या कुणाची वाचेल.

मुलाखतीत विचारलं, बहिणीबद्दल सांगा. मी म्हटलं, 'माय सिस्टर इज व्हेरी इंटेलिजंट इन मॅथ्स.' समोरच्या बाईंना समजलं सगळं, पण पुढे त्यांनी तीच गोष्ट 'सो शी इज गुड ॲट मॅथ्स' अशी म्हटली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गणितात हुशार, विज्ञानात हुशार, भाषेत कच्चा, आपलं सगळं '-त' वर चालतं. म्हणून इंग्रजीत 'इन' येतं आणि आपण 'इंटेलिजंट इन', 'वीक इन' करत सुटतो. तिथे 'इंटेलिजंट' हा माणसाचा एकूण गुण आहे, त्याला विषय सहसा जोडत नाहीत. विषय आला की 'गुड ॲट'. 'ही इज गुड ॲट ड्रॉइंग.' 'आय ॲम नॉट मच गुड ॲट रिमेंबरिंग नेम्स.'

आणि आकडेमोडीत डोकं चालत असेल तर यासाठी 'शी हॅज अ हेड फॉर फिगर्स' असं एक गोड वाक्य आहे. तुमच्या त्या मुलीचं काम आकड्यांचं असेल तर उपयोगी पडेल.

शब्दओळख

पाऊलखूण ताई, याचा संबंध थेट आहे. याच वळणाची आणखी एक अडचण 'ॲबिलिटी'ची. क्षमतेला 'ची' लागते, 'शिकण्याची क्षमता', म्हणून आपण 'ॲबिलिटी ऑफ लर्निंग' लिहितो. तिथे 'टू' हवं, 'द ॲबिलिटी टू लर्न'. उलट 'केपेबल' आला की 'ऑफ' आणि 'आयएनजी', 'शी इज केपेबल ऑफ लीडिंग अ टीम'. 'ॲप्टिट्यूड'ला 'फॉर', 'ॲन ॲप्टिट्यूड फॉर लँग्वेजेस'. पाठ करून उपयोग नाही, वाक्यंच्या वाक्यं तोंडात बसवावी लागतात.

जुनीवही

मी आयुष्यभर भाषांतरं केली, तेव्हा या शब्दांच्या घराण्यांबद्दल थोडं लिहितो. तपशिलाचा कंटाळा आला तर पुढे जावं.

'इंटेलिजन्स' आणि 'इंटलेक्ट' ही दोन्ही लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाची लेकरं. 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणं, निवडणं, वाचणं. अनेकांतून नेमकं वेचून घेतं ते इंटेलिजन्स. आपला 'विवेक' शब्द पाहा. त्यातही वेगळं करणं, निवाडा करणं हाच अर्थ आहे. भाऊ असूनही या दोघांचे स्वभाव निराळे. 'इंटलेक्ट' हा विचार करणाऱ्या, अमूर्ताशी झुंजणाऱ्या बुद्धीसाठी. कुत्र्याला 'इंटेलिजंट' म्हणतात, 'इंटलेक्च्युअल' कधीच म्हणत नाहीत. शेजारच्या हुशार मुलाला कौतुकाने 'ही इज ॲन इंटलेक्च्युअल' म्हटलंत तर त्याचा अर्थ 'विचारवंत आहे' असा होईल. तिसरा भाऊ 'इंटेलिजिबल', म्हणजे समजण्याजोगं. 'हिज हँडरायटिंग वॉज बेअरली इंटेलिजिबल' म्हणजे अक्षर कसंबसं लागत होतं. तिथे हुशारीचा काहीच संबंध नाही.

पण हे सगळे पाहुणे शब्द. इंग्रजीच्या घरचे अस्सल शब्द दोन, 'विट' आणि 'माइंड', आणि दोन्ही आपले दूरचे नातेवाईक. 'विट' हा जाणणं या अर्थाच्या ज्या मुळातून आला, त्याच मुळाचा आपला 'विद्'. वेद, विद्या, विद्वान आणि इंग्रजीतला 'विट' एका आजोबांची नातवंडं. आज 'विट' म्हणजे हजरजबाबी विनोद, पण पूर्वी तो सबंध बुद्धीसाठी होता. ती जुनी बुद्धी वाक्प्रचारांत अजून जिवंत आहे, बहुतेक वेळा अनेकवचनात. 'कीप युअर विट्स अबाउट यू' म्हणजे भानावर राहा, सावध राहा. 'आय ॲम ॲट माय विट्स एंड' म्हणजे माझी मती खुंटली. हा दुसरा प्रयोग 1611 सालच्या इंग्रजी बायबलात वादळात सापडलेल्या खलाशांसाठी आला आहे आणि आजही तान्ह्या मुलाच्या रडण्याने बेजार झालेली आई तोच वापरते. साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात तेही यातूनच, जाणणारा तो.

'माइंड'चं नातं 'मनस्' आणि 'मति' यांच्याशी. जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ स्मरण. म्हणून 'रिमाइंड', 'कीप इन माइंड', 'बेअर इन माइंड'. स्मरणावरून लक्ष, लक्षावरून पर्वा आणि पर्वेवरून हरकत. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1968 पासून ऐकू येणारी 'माइंड द गॅप' ही सूचना म्हणजे 'फटीकडे लक्ष द्या'. 'नेव्हर माइंड' म्हणजे 'जाऊ दे, मनावर घेऊ नको'. आणि 'डू यू माइंड' म्हणजे 'तुमची हरकत आहे का'. मनापासून हरकतीपर्यंत एकच शब्द पोहोचला, पण मधली एकही पायरी त्याने सोडली नाही.

उशिराचादिवा

जुनीवही काका, या 'डू यू माइंड'ने मला एकदा घाम फोडला होता. प्रशिक्षणाच्या वर्गात एका परदेशी पाहुण्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, 'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?' मी उठून उभा राहिलो आणि तोंड भरून हसत म्हणालो, 'येस, येस!' ते बिचारे अर्धे वाकले होते, तसेच थांबले. माझं तोंड 'या बसा' म्हणत होतं आणि शब्द 'हो, हरकत आहे' म्हणत होते. शेवटी मी खुर्ची ओढून दिली तेव्हा ते बसले. म्हणजे इथे 'नो' म्हणायचं का?

जुनीवही

हो. प्रश्न हरकतीचा आहे, तेव्हा हरकत नसेल तर उत्तर नकाराचं. 'नो, नॉट ॲट ऑल', किंवा 'ऑफ कोर्स नॉट'. आपल्याकडे 'तुमची हरकत नाही ना?' असं विचारतात आणि आपण 'नाही नाही, बसा' म्हणतो, तेव्हा डोक्यात तोच साचा ठेवा. घाईत गोंधळ होणार असं वाटलं तर नुसतं 'प्लीज, गो अहेड' म्हणा. त्यात हो-नाहीचा पेच येत नाही.

मधलीसुट्टी

डोक्याचं कुणी बोललंच नाही! मला तर मराठी आणि इंग्रजी इथे सगळ्यात जवळ वाटतात. डोक्यावरून गेलं, 'इट वेंट ओव्हर माय हेड'. डोकं चालव, 'यूज युअर हेड'. डोकं शांत ठेव, 'कीप अ कूल हेड'. डोक्यात शिरत नाही, 'आय कान्ट गेट माय हेड अराउंड इट'.

फसतं ते डोकं खाण्यापाशी. मी कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला 'डोन्ट ईट माय हेड' म्हटलं होतं. आपल्या आपल्यात ते चालून जातं, पण बाहेरच्याला त्याचा अर्थ लागत नाही. तिथे 'स्टॉप पेस्टरिंग मी' हवं. आणि 'कॅन आय पिक युअर ब्रेन?' असं कुणी विचारलं तर तो आपलं डोकं खायला आलेला नसतो. तो आपल्या ज्ञानातलं थोडं मागतो आहे. हे मानाचं वाक्य आहे, वैतागू नका. 'आय रॅक्ड माय ब्रेन्स' म्हणजे मीच माझं डोकं खूप शिणवलं.

आणखी एक. 'सेन्सिबल' म्हणजे समंजस आणि 'सेन्सिटिव्ह' म्हणजे हळवा. धाग्याच्या सुरुवातीला 'समंजस' शब्द होता, त्याचं इंग्रजी 'शी इज सेन्सिबल', किंवा 'शी हॅज अ लॉट ऑफ कॉमन सेन्स'. सेन्सला इथे 'अ' नको.

नवाकोरा

'इंटेलिजन्स'चा एक अर्थ राहिला, गुप्त माहिती. 1947 साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या सीआयएमधला 'आय' तोच. जुन्या इंग्रजीत तर साधी बातमी म्हणजे इंटेलिजन्स, म्हणून कित्येक वर्तमानपत्रांच्या नावात 'इंटेलिजन्सर' असायचं. तेव्हा 'आय हॅव सम इंटेलिजन्स अबाउट धिस प्रोजेक्ट' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, याने कुठून तरी आतली खबर काढली आहे.

आणि आता ज्याला त्याला तोंडपाठ असलेला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा जोडशब्द जॉन मॅकार्थी यांचा. 1955 साली त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी एका परिषदेचा प्रस्ताव लिहिला, त्यात तो आला. परिषद 1956 मध्ये डार्टमथला झाली. तिथेही 'ॲन आर्टिफिशियल इंटेलिजन्स' असं कधीकधी दिसतं, पण तेव्हा बोलणं गुणाबद्दल नसून विचार करणाऱ्या एका वस्तूबद्दल असतं.

चांदणवेल

मी इथे वाचतेच फक्त, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्या तपासणीचा अहवाल इंग्रजीत आला. पहिल्या पानावर 'इंटेलिजन्स' हा शब्द पाच वेळा होता, मी मोजला. शेवटी एक आकडा. त्या दिवसापासून हा शब्द दिसला की मला तो आकडा दिसतो. हुशार मुलीसाठी शिफारसपत्र लिहिण्याच्या धाग्यावर हे बोलावं की नाही, कळत नाही. पण माझीही अडचण वाक्याचीच आहे. त्याच्या नव्या थेरपिस्टशी इंग्रजीत बोलावं लागतं आणि मी 'माय सन इज...' इथवर येऊन थांबते. पुढे काय म्हणू?

तिसरीघंटा

ताई, बोलायलाच हवं होतं. बरं केलंत.

'इज' ऐवजी 'हॅज' घ्या. 'माय सन हॅज ॲन इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी.' आज वैद्यकीय आणि कायद्याच्या इंग्रजीत हाच शब्द आहे. आधी 'मेंटल रिटार्डेशन' होता. अमेरिकेत 2010 साली कायदा करून केंद्रीय कायद्यांतून तो काढला. त्याच्याही आधी 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' या डॉक्टरांच्या अधिकृत श्रेण्या होत्या. यातला 'मोरॉन' तर हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने 1910 साली मुद्दाम घडवला. म्हणजे आज शिवी म्हणून सहज तोंडात येणारे हे शब्द एकेकाळी मुलांच्या कागदपत्रांवर लिहिलेले असायचे. म्हणून ते कुणाच्याही बाबतीत, गमतीतही, वापरू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

'हॅज' का, तेही सांगतो. 'इज' म्हटलं की तो मुलगा म्हणजे तेवढंच, असं होतं. 'हॅज' म्हटलं की मुलगा आधी आणि अडचण ही त्याच्याजवळच्या अनेक गोष्टींपैकी एक.

शब्दओळख

चांदणवेल ताई, त्या आकड्याबद्दल दोन गोष्टी. पहिली बुद्धिमापन चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमों यांनी 1905 साली केली. कोणत्या मुलांना वर्गात जास्तीची मदत लागेल, ते ओळखणं हा तिचा हेतू. बुद्धी जन्माची ठरलेली आणि न बदलणारी आहे, या समजुतीला बिने यांचा विरोध होता. 'बुद्ध्यंक' ही कल्पना नंतरची, 1912 मधली, विल्यम स्टर्न यांची. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं. आजच्या चाचण्यांत तसा भागाकारही नसतो. त्या वयाच्या मुलांची सरासरी 100 धरून तुमचं मूल तिच्यापासून किती लांब आहे, एवढंच तो आकडा सांगतो. त्या दिवशी त्या खोलीत, त्या प्रश्नांना मुलाने काय उत्तरं दिली, त्याची ती नोंद.

म्हणून थेरपिस्टशी बोलताना आकड्याचं वाक्य एकदाच घ्या, 'हिज स्कोअर वॉज...' असं, भूतकाळात. नंतरची सगळी वाक्यं तो काय करतो याची. 'ही कॅन ड्रेस हिमसेल्फ.' 'ही नीड्स हेल्प विथ बटन्स.' 'ही अंडरस्टँड्स मोर दॅन ही कॅन से.' समोरच्या माणसाला काम करायला हीच वाक्यं लागतात.

फळाआणिखडू

शिक्षिका आहे म्हणून यावर बोलते. मुलांना सारखं 'यू आर सो इंटेलिजंट' म्हणणं मी बंद केलं. 1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोडी सोडवल्यावर काहींना 'तुम्ही हुशार आहात' असं म्हटलं, काहींना 'तुम्ही मेहनत घेतली असणार' असं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी दिल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं मागे पडली आणि मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. तेव्हापासून माझी वाक्यं अशी: 'यू फाउंड अ गुड वे टू डू इट.' 'यू डिडन्ट गिव्ह अप.'

मधलीसुट्टी

फळाआणिखडू बाई, आदर ठेवून सांगते, मला हे पूर्ण पटत नाही. माझे आजोबा मला 'हुशार गं माझी बाय' म्हणायचे आणि त्या एका वाक्यावर मी शिकले. आमच्या घरात मुलींना ते कुणी म्हणत नव्हतं. कधीकधी माणसाला तो शब्द हवा असतो.

फळाआणिखडू

तुमचं म्हणणं मनाला भिडलं. ज्याला तो शब्द कधीच मिळाला नाही, त्याच्यासाठी तो अन्नासारखाच आहे. माझा मुद्दा ज्यांना तो दिवसातून दहा वेळा मिळतो आणि मग हरवायची भीती वाटते, त्या मुलांबद्दल होता. तुमच्या आजोबांचं वाक्य मी बदलणार नाही.

जुनीवही

कोरीपाटी ताई, तुम्ही गप्प आहात. ही चर्चा ज्या मुलीवरून निघाली तिच्याबद्दल आम्हाला अजून काहीच माहीत नाही. ती हुशार आहे हे तुम्हाला कधी कळलं? तो प्रसंग सांगा, वाक्य त्यातच सापडेल.

कोरीपाटी

वाचत होते सगळं, दोन वेळा वाचलं.

प्रसंग सांगते. दोन नोंदवह्यांची बेरीज जुळत नव्हती. तीन दिवस आम्ही चौघं आकडे तपासत होतो, प्रत्येक आकडा बरोबर. ती नवी होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "मॅडम, फक्त बारा तारखेपर्यंतच्याच नोंदी चुकतायत. तेराच्या पुढच्या सगळ्या जुळतात." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "महिने बाराच असतात ना." एका यादीत तारीख आधी आणि महिना नंतर होता, दुसरीत महिना आधी. चार मार्चची नोंद तीन एप्रिलला जाऊन बसत होती. तेराच्या पुढे तसं होऊच शकत नव्हतं. आम्ही आकडे बघत होतो आणि ती चूक कुठे थांबते ते बघत होती.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की 'इंटेलिजन्स' शब्दाने मी हेच सांगायला बघत होते आणि त्यात ते मावत नव्हतं.

तिसरीघंटा

हेच लिहा! जसंच्या तसं. 'फॉर थ्री डेज, फोर ऑफ अस चेक्ड द फिगर्स. शी लुक्ड ॲट व्हेअर द एरर्स स्टॉप्ड.' पत्र वाचणारा स्वतःच म्हणेल की मुलगी 'शार्प' आहे. मग शेवटी एकदा तुम्ही म्हणा, 'शी हॅज अ क्लिअर, पेशंट माइंड.' दोन विशेषणं पुरेत. 'पेशंट' ठेवा, कारण ती तीन दिवस गप्प राहून बघत होती.

पाऊलखूण

आणि 'व्हेरी' काढा. 'क्लिअर'च्या आधी आला तर वाक्य सैल होतं.

कोरीपाटी

काढला. आज पत्र वरिष्ठांकडे गेलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, पेन्सिल हातात होती, ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बारा तारखेचं खरंच तिने पकडलं?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

सगळ्यांचे मनापासून आभार. 'अ गुड इंटेलिजन्स' आता माझ्याकडून कधी लिहिलं जाणार नाही.

चांदणवेल

उद्या थेरपिस्टना भेटायचं आहे. तुमच्या सगळ्यांच्या वाक्यांवरून मी रात्री बसून माझी वाक्यं लिहिली. ही बघता का कुणी?

'माय सन हॅज ॲन इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी. ही नीड्स मोर टाइम टू लर्न न्यू थिंग्ज. ही रिमेंबर्स एव्हरी पर्सन ही हॅज मेट, अँड व्हेअर दे सॅट. ही इज गुड ॲट फोल्डिंग क्लोद्स. ही लाफ्स बिफोर द जोक इज ओव्हर.'

'गुड ॲट' बरोबर आहे ना? पूर्वी मी 'इन' लिहिलं असतं.

शब्दओळख

'ॲट' बरोबर आहे, ताई. एकही शब्द बदलू नका.